दत्तकविधान आणि राष्ट्रीयत्वविहीन बालक : भारतीय कायद्याची एक चिकित्सा

१. प्रस्तावना

दत्तक घेतलेले मूल कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्याने निःसंदिग्ध शब्दांत दिले आहे. ते मूल कोणत्या राष्ट्राचे, या प्रश्नावर मात्र तो मौन बाळगून आहे. ज्या मुलाचे जन्मदाते ज्ञात आहेत आणि ते भारतीय नागरिक आहेत, त्याच्या बाबतीत हे मौन जाणवतही नाही. परंतु ज्याचे मातापिता अज्ञात आहेत, निर्वासित आहेत अथवा स्वतःच कोणत्याही राज्याचे नागरिक नाहीत, त्या मुलाचे संपूर्ण भवितव्य या मौनावर अवलंबून राहते.

कोणत्याही राज्याच्या कायद्यानुसार त्या राज्याची नागरिक मानली न जाणारी व्यक्ती म्हणजे राष्ट्रीयत्वविहीन व्यक्ती, अशी व्याख्या १९५४ च्या आंतरराष्ट्रीय करारात करण्यात आली. ही अवस्था कमी करण्यासाठी १९६१ मध्ये दुसरा करार झाला. भारत या दोन्ही करारांचा पक्षकार नाही. मात्र जन्मापासून नाव व राष्ट्रीयत्व मिळविण्याचा बालकाचा हक्क सांगणारा १९८९ चा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला आहे. त्या कराराच्या सातव्या अनुच्छेदात, अन्यथा मूल राष्ट्रीयत्वविहीन होईल अशा परिस्थितीत राज्यांनी हा हक्क विशेषत्वाने अमलात आणावा, असे बंधन आहे.

प्रस्तुत लेखात दत्तकविषयक कायदा आणि नागरिकत्वविषयक कायदा परस्परांसमोर ठेवून त्यांच्यातील विसंगतीचा विचार केला आहे. या दोन कायद्यांच्या एकत्रित परिणामामुळे राष्ट्रीयत्वविहीन बालकाचे नागरिकत्व हा त्याचा स्वतःचा हक्क न राहता त्याला कुटुंब मिळण्यावर अवलंबून असलेला लाभ बनतो, आणि हा क्रम उलटा असावयास हवा, हे लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. खासगी नाते आणि सार्वजनिक दर्जा

दत्तकाची भारतीय संकल्पना मुळात धर्मशास्त्रीय आहे. पिंडदानासाठी व वंशसातत्यासाठी पुत्र हवा, या गरजेतून ती उत्पन्न झाली. जन्माच्या कुळातून बाहेर पडून दत्तक घराण्याच्या गोत्रात प्रवेश, आणि औरस पुत्राच्या जागी प्रतिष्ठापना, हे तिचे सार होय. ‘दत्तकमीमांसा’, ‘दत्तकचंद्रिका’ यांसारख्या निबंधग्रंथांनी या स्थित्यंतराची सूक्ष्म चर्चा केली. पण ती सारी चर्चा कुळ, गोत्र, श्राद्ध आणि दाय यांच्या परिघातच राहिली.

दत्तकाने निर्माण होणारे नाते राज्यसत्तेवर बंधनकारक आहे काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात प्रथम तीव्रतेने पुढे आला. महाराष्ट्राच्या इतिहासाला तो अपरिचित नाही. १८४८ मध्ये लॉर्ड डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले, ते छत्रपतींनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक राज्याच्या वारसासाठी अमान्य करूनच. १८५४ मध्ये झाशीच्या बाबतीत हेच सूत्र अधिक स्पष्टपणे वापरले गेले. दत्तकपुत्र दामोदरराव हा गंगाधररावांच्या खासगी मालमत्तेचा वारस मानला गेला; राज्याचा वारस मात्र मानला गेला नाही. म्हणजे दत्तक घरात खरे, राज्यात खोटे. १८५७ च्या उठावानंतर लॉर्ड कॅनिंगच्या काळात संस्थानिकांना दत्तकाचा अधिकार देणाऱ्या सनदा स्वतंत्रपणे द्याव्या लागल्या.

संस्थानाचा वारसा आणि एका निराधार बालकाचे नागरिकत्व यांची तुलना काही मर्यादेपर्यंतच करता येईल. तथापि तिच्यातून निघणारे एक तत्त्व उपयुक्त आहे. खासगी नात्याची मान्यता आपोआप सार्वजनिक दर्जात रूपांतरित होत नाही. त्यासाठी राज्याला स्पष्ट शब्द उच्चारावे लागतात. स्वतंत्र भारताच्या नागरिकत्वाच्या कायद्याने दत्तक बालकाबाबत हे शब्द अद्याप उच्चारलेले नाहीत.

३. दोन कायदे, दोन भाषा

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम १२ नुसार दत्तक मूल दत्तकाच्या दिनांकापासून सर्व प्रयोजनांसाठी दत्तक मातापित्यांचे मूल मानले जाते. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता मर्यादित आहे. इतरांना दीर्घकाळ १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली केवळ पालकत्व घेता येत असे. २००० च्या बालन्याय अधिनियमाने, आणि विशेषतः २००६ च्या दुरुस्तीने, धर्मनिरपेक्ष दत्तकाचा मार्ग मोकळा केला. शबनम हाश्मी प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस खुला असल्याचे मान्य केले. मात्र दत्तक घेण्याच्या हक्कास मूलभूत हक्काचा दर्जा देण्याचे नाकारले. सध्या लागू असलेल्या २०१५ च्या बालन्याय अधिनियमाचे कलम ६३ अधिक व्यापक आहे. आदेश अमलात आल्यापासून ते बालक जणू दत्तक मातापित्यांच्याच पोटी जन्मले आहे असे सर्व प्रयोजनांसाठी मानावे, असे ते सांगते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात.

या अधिनियमाची आणखी एक बाजू उल्लेखनीय आहे. ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ या त्याच्या व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही. अनाथ, परित्यक्त वा समर्पित बालकाला बालकल्याण समिती दत्तकासाठी विधिमुक्त घोषित करते, तेव्हा त्याच्या मातापित्यांचे राष्ट्रीयत्व हा निकष नसतो. बालकाच्या गरजेकडे पाहणारी ही भाषा आहे.

नागरिकत्व अधिनियम, १९५५ ची भाषा निराळी आहे. मूळ कायद्यात भारतभूमीवरील जन्म जवळजवळ पुरेसा होता. १९८६ च्या दुरुस्तीने १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी मातापित्यांपैकी एक जण भारतीय असण्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने ३ डिसेंबर २००४ पासून ही अट अधिक कठोर झाली. आता दोघेही भारतीय असावेत, अथवा एक भारतीय असून दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसावा, असा नियम आहे. या अटी ‘जन्माच्या वेळी’ पूर्ण झालेल्या असाव्या लागतात.

विसंगतीचे मर्म नेमके येथे आहे. दत्तकाचा परिणाम आदेशाच्या दिनांकापासून सुरू होतो. नागरिकत्वाची परीक्षा जन्माच्या क्षणाशी होते. दत्तक मातापिता त्या क्षणी त्या मुलाचे मातापिता नव्हते. कलम ६३ मधील ‘सर्व प्रयोजनांसाठी’ या शब्दांचा उदार अर्थ लावून नागरिकत्वाचाही त्यात समावेश करता येईल, असा युक्तिवाद शक्य आहे. परंतु त्याच कलमातील ‘आदेशाच्या दिनांकापासून’ ही शब्दयोजना त्याला छेद देते. जन्माने वा वंशाने नागरिकत्व देणाऱ्या कलमांत तर दत्तकाचा उल्लेखही नाही.

उरतो तो नोंदणीचा मार्ग. कलम ५(१)(ड) नुसार भारतीय नागरिकांच्या अज्ञान मुलांची नागरिक म्हणून नोंदणी करता येते. परंतु हे पोटकलम ‘बेकायदेशीर स्थलांतरित नसलेल्या’ व्यक्तीपुरतेच आहे. वैध पारपत्राशिवाय भारतात प्रवेश केलेला परकीय, अशी बेकायदेशीर स्थलांतरिताची व्याख्या आहे. सीमेपलीकडून कडेवर आणलेले तान्हे मूल या व्याख्येत सापडते. येथेच जन्मलेल्या मुलाने ‘प्रवेश’ केला असे म्हणता येईल काय, हा प्रश्न व्याख्येच्या शब्दांतच दडलेला आहे. विशेष परिस्थितीत कोणत्याही अज्ञान बालकाची नोंदणी करण्याचा अधिकार कलम ५(४) ने केंद्र सरकारला दिला आहे. तथापि कलम १४ नुसार नोंदणीचा अर्ज स्वीकारणे वा नाकारणे हे स्वेच्छाधिकाराचे क्षेत्र असून नकाराची कारणे देण्याचे बंधन नाही. जेथे कारण मागता येत नाही, तेथे हक्काची भाषा फारशी उपयोगी पडत नाही.

४. पाळण्यातील मुलाचे राष्ट्रीयत्व

अनाथालयाच्या दारातील पाळण्यात अथवा रेल्वेस्थानकावर सापडलेल्या अर्भकाचे राष्ट्रीयत्व कोणते? १९६१ च्या कराराचा दुसरा अनुच्छेद याचे सरळ उत्तर देतो. उलट पुरावा नसेल तर असे मूल, ज्या राज्यात ते सापडले तेथे त्या राज्याचे नागरिक असलेल्या मातापित्यांपोटी जन्मले, असे गृहीत धरावे. ब्रिटनच्या १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्यातही नवजात सापडलेल्या मुलासाठी असेच गृहीतक आहे. शिवाय तेथील न्यायालयाने दत्तकाचा आदेश दिला आणि दत्तक घेणाऱ्यांपैकी एक जण ब्रिटिश नागरिक असेल, तर अज्ञान बालक आदेशाच्या दिनांकापासून ब्रिटिश नागरिक होते. भारतीय कायद्याने ज्या विधिपरंपरेतून आपली परिभाषा घेतली, तिथेच ही दोन वाक्ये लिहिली गेली आहेत. भारतीय अधिनियमात त्यांच्या तोलाची तरतूद नाही.

१९८७ पूर्वी ही उणीव झाकली जात होती, कारण जन्मस्थान सिद्ध झाले की पुरे होते. २००४ नंतर मात्र सापडलेल्या मुलाकडून अशक्य ते मागितले जाते. आई कोण हे ठाऊक नाही. वडील बेकायदेशीर स्थलांतरित नव्हते हे सिद्ध करणे त्याहून दुरापास्त आहे. समर्पित बालकाच्या बाबतीत तर आणखी एक पेच आहे. अविवाहित माता मूल समितीच्या स्वाधीन करते, ते तिची ओळख गुप्त राहील या विश्वासावर. नागरिकत्वासाठी दोन्ही जन्मदात्यांचा तपशील मागितला, तर बालन्याय कायद्याने दिलेले हे अभय नागरिकत्वाचा कायदा काढून घेतो.

व्यवहारात मात्र अशी मुले भारतीय मानली जातात, हे नाकारता येणार नाही. त्याचे कारण दप्तराच्या रीतीत आहे. दत्तकाच्या आदेशानंतर नव्या जन्मदाखल्यावर मातापिता म्हणून दत्तक मातापित्यांची नावे येतात. तो दाखला पाहणाऱ्या अधिकाऱ्याला त्यामागचा इतिहास दिसत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने अनाथ, परित्यक्त व दत्तक मुलांच्या जन्मनोंदणीची सोय केली, हे स्वागतार्ह आहे. तथापि जन्मदाखला जन्माचा दिनांक व स्थान सिद्ध करतो. नागरिकत्व प्रदान करीत नाही. कागदाच्या आड लपलेली ही उणीव जोवर कोणी शोधत नाही तोवर निरुपद्रवी असते. नागरिकत्वाच्या पुराव्यांची कसून छाननी होऊ लागली की तीच जीवघेणी ठरते. आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीच्या २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक अर्जदार वगळले गेले. पूर्वजांशी असलेले नाते कागदोपत्री जोडून दाखविणे हाच त्या छाननीचा गाभा होता. ज्या मुलाला पूर्वजच ज्ञात नाहीत, त्याने काय जोडून दाखवावे?

आणि ज्यांना दत्तक घेतले जात नाही त्यांचे काय? वयाने मोठी झालेली, दिव्यांग अथवा दीर्घ आजाराची मुले संस्थेतच वाढतात आणि अठराव्या वर्षी बाहेर पडतात. त्यांच्या जन्मदाखल्यावर नवी नावे येत नाहीत. कुटुंब ज्यांना लाभले नाही, त्यांच्याच वाट्याला संशयित नागरिकत्वही येते.

५. तीन प्रसंगांची साक्ष

दत्तक झाले म्हणजे राष्ट्रीयत्वाचा प्रश्न सुटतो, ही समजूत किती अपुरी आहे हे तीन देशांतील तीन प्रसंगांवरून दिसते.

पहिला प्रसंग जपानमधील आहे. १९९१ मध्ये नागानो प्रांतात एका परदेशी स्त्रीने मुलाला जन्म दिला आणि ती अल्पावधीत निघून गेली. ती फिलिपिन्सची असावी असा तर्क होता. पण ओळख पटली नाही. एका अमेरिकन धर्मोपदेशक दांपत्याने मुलास दत्तक घेतले. तरीही मूल राष्ट्रीयत्वविहीनच राहिले. जपानच्या राष्ट्रीयत्व कायद्यात, जपानमध्ये जन्मलेल्या ज्या मुलाचे दोन्ही मातापिता अज्ञात आहेत त्यास राष्ट्रीयत्व देण्याची तरतूद आहे. परंतु आई ‘अज्ञात’ नाही, अशी शासनाची भूमिका होती. १९९५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. आई अमुक असावी असा संभव पुरेसा नाही; ती निश्चितपणे ओळखली गेली नसेल तर ती अज्ञातच होय, आणि उलट सिद्ध करण्याचा भार राष्ट्रीयत्व नाकारणाऱ्यावर आहे, असा या निर्णयाचा आशय आहे. दत्तकाने जे साधले नाही ते जन्मस्थानावर आधारलेल्या एका छोट्या तरतुदीने साधले.

दुसरा प्रसंग गुजरातमधील आणंदचा. जानेवारी २००८ मध्ये भारतीय सरोगेट मातेने जर्मन दांपत्यासाठी जुळ्या मुलांना जन्म दिला. जर्मनी सरोगसीस मान्यता देत नसल्याने तेथील राष्ट्रीयत्व मिळेना. भारतीय पारपत्रही मिळेना. आणंद नगरपालिकेविरुद्धच्या या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर २००९ रोजी, जन्म देणारी माता भारतीय असल्याने मुले जन्माने भारतीय आहेत, असा निर्णय दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि अखेर आंतरदेशीय दत्तकाची वाट खास बाब म्हणून मोकळी करून २०१० मध्ये मुलांचा प्रवास शक्य झाला. मुलांच्या दृष्टीने हा शेवट सुखद होता. विधितत्त्वाच्या दृष्टीने पाहता, उच्च न्यायालयाने ज्याला जन्मसिद्ध दर्जा म्हटले त्याची जागा दत्तकाच्या सवलतीने घेतली. परकीयांसाठीची सरोगसी २०१५ पासून बंद झाली आणि २०२१ च्या कायद्याने व्यापारी सरोगसीस मनाई केली. त्यामुळे असे प्रसंग घटतील, परंतु त्यातून उभा राहिलेला प्रश्न अनुत्तरित आहे.

तिसरा प्रसंग मुंबई आणि अमेरिका यांना जोडणारा आहे. लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी आंतरदेशीय दत्तकासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्या काळी परदेशी दांपत्यास येथे १८९० च्या कायद्याखाली पालकत्व मिळे आणि दत्तक त्यांच्या देशात पूर्ण होई. दत्तकानंतर अमेरिकन नागरिकत्वासाठी वेगळा अर्ज करावा लागे. अनेक पालकांनी तो केलाच नाही. अमेरिकेने २००० मध्ये कायदा करून दत्तक बालकांना आपोआप नागरिकत्व दिले. पण २७ फेब्रुवारी २००१ रोजी ज्यांचे वय अठरा पूर्ण झाले होते ते वगळले गेले. बालपणी मुंबईतून तेथे दत्तक गेलेल्या एका स्त्रीला शिक्षेनंतर २००८ मध्ये हद्दपार करून भारतात पाठविण्यात आले. तिचे स्वतःचे कुटुंब अमेरिकेतच राहिले. तिचे भारतीयत्व कायद्याने लोपले नव्हते म्हणून ती तांत्रिक अर्थाने राष्ट्रीयत्वविहीन नव्हती. परंतु जे राष्ट्र तिचे होते ते तिला अनोळखी, आणि जे ओळखीचे होते ते तिचे नव्हते.

आंतरदेशीय दत्तकाविषयीचा १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये अनुसमर्थित केला. त्या करारानेही ही पोकळी पूर्णतः भरलेली नाही. मुलास दत्तक देशात प्रवेश व कायम वास्तव्य मिळेल याची हमी तो घेतो. राष्ट्रीयत्वाविषयी बंधन घालीत नाही.

६. आक्षेप आणि त्यांचा विचार

दत्तकाद्वारे वा सापडण्यावरून आपोआप नागरिकत्व दिले, तर खोट्या दत्तकांना आणि बालकांच्या तस्करीला उत्तेजन मिळेल, असा आक्षेप घेतला जातो. तो क्षुल्लक नाही. परंतु बालन्याय कायद्याखालील दत्तक आज बालकल्याण समिती, केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण आणि जिल्हा दंडाधिकारी अशा तीन टप्प्यांतून जाते. मुलाचे कुटुंब कायमचे बदलण्यासाठी ही चौकशी राज्याला पुरेशी वाटते, तर नागरिकत्वासाठी ती अपुरी का ठरावी, याचे उत्तर आक्षेपकांनी द्यावयास हवे. हिंदू दत्तक कायद्याखालील दत्तक बव्हंशी खासगी असते. तेथे अधिक पडताळणीची अट घालता येईल. सापडलेल्या मुलाविषयीचे गृहीतक तर उलट पुराव्याने खंडित होऊ शकते.

दुसरा आक्षेप असा की नागरिकत्व हा सार्वभौमत्वाचा विषय आहे, बालहिताचा नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद ११ ने संसदेला या बाबतीत व्यापक अधिकार दिले आहेत हे खरे. परंतु त्याच संविधानाचा अनुच्छेद ३९(च) बालकांना स्वातंत्र्य व प्रतिष्ठा यांसह निकोप विकासाची संधी देण्याचे राज्यास निर्देशित करतो, आणि अनुच्छेद २१ चे संरक्षण नागरिकांपुरते मर्यादित नाही. सार्वभौमत्व पालकांच्या स्थलांतराचे नियमन करू शकते. ज्या मुलाने कोणतीच सीमा स्वतः ओलांडली नाही त्याच्याकडून त्या स्थलांतराची किंमत वसूल करणे न्याय्य ठरत नाही.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. बालन्याय कायदा मुलाची गरज पाहतो, तर नागरिकत्वाचा कायदा त्याच्या जन्मदात्यांचा दर्जा पाहतो. या दोहोंना जोडणारे कलम भारतीय विधिसंग्रहात नाही. सध्या हे अंतर जन्मदाखल्याच्या आणि अधिकाऱ्याच्या सद्भावाच्या आधारे भरून निघते, त्यामुळे कुटुंब न मिळालेले मूल सर्वाधिक असुरक्षित राहते.

यावर उपाय दुष्कर नाही. नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ३ मध्ये दोन उपकलमांची भर पुरेशी होईल. भारतात सापडलेले अर्भक उलट सिद्ध होईपर्यंत जन्माने भारतीय मानावे. तसेच भारतात जन्मलेल्या आणि अन्य कोणतेही राष्ट्रीयत्व न मिळणाऱ्या मुलास जन्माने नागरिकत्व असावे. याखेरीज भारतीय नागरिकाने बालन्याय कायद्याखाली दत्तक घेतलेले अज्ञान बालक, त्याचे पूर्वीचे राष्ट्रीयत्व वा प्रवेशाची रीत काहीही असो, आदेशाच्या दिनांकापासून नागरिक व्हावे. तोपर्यंत कलम ५(४) खालील अर्ज बालकल्याण समितीने मूल विधिमुक्त घोषित करतानाच दाखल करावा आणि अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी निकालात काढावा, असा नियम प्रशासकीय पातळीवरही करता येईल.

या सूचनांतील क्रम महत्त्वाचा आहे. राष्ट्रीयत्व आधी आणि कुटुंब नंतर, असे झाले तर दत्तक ही बालकाला मिळणारी माया राहील, राज्याच्या कर्तव्यात राहिलेली उणीव भरून काढण्याचे साधन होणार नाही. ज्या मुलाला कोणीच निवडले नाही त्यालाही राज्याने आपले म्हणावे, एवढीच अपेक्षा बालहक्क कराराच्या सातव्या अनुच्छेदात आहे, आणि भारताने ती १९९२ मध्येच मान्य केली आहे.